आधी वळण की आधी करामत? ‘हात मिळवायला’ शिकलेल्या घोड्याचा प्रश्न

रानवाट (धागाकर्ती)

माझ्याकडे सात वर्षांचा, कुमैत (तांबूस-तपकिरी) रंगाचा, खच्ची केलेला घोडा आहे. त्याचे नाव चंदू. तो स्वभावाने शांत आहे, स्वार पाठीवर असताना नीट चालतो, वाहनांना बुजत नाही, आणि मी येथे जी तक्रार मांडणार आहे तिच्यात त्याचा दोष किती आणि माझा किती याविषयी मला स्वतःलाच शंका आहे.

दीड वर्षापूर्वी मी त्याला पुढचा उजवा पाय उचलून ‘हात मिळवायला’ शिकवले. समोर उभे राहायचे, खाली वाकून त्याच्या गुडघ्यामागे बोटांनी हलकी टिचकी मारायची आणि त्याने पाय उचलला की गाजराचा तुकडा द्यायचा, एवढीच माझी पद्धत होती. चौथ्या दिवशी टिचकीचीही गरज उरली नाही. येणारे-जाणारे खूश, चंदू खूश आणि मीही खूश. पुढे मात्र कोणीही समोर उभे राहिले की तो पाय उचलू लागला. दाण्याची बादली दिसली की तबेल्याच्या दारावर खूर आपटू लागला. मी ओरडून पाहिले, थोपटून पाहिले, मग कोणीतरी सांगितले म्हणून दुर्लक्ष करून पाहिले. दुर्लक्ष केले तेव्हा तर पाय आणखी उंच येऊ लागला. गेल्या आठवड्यात नालबंद त्याच्या पुढच्या पायापाशी वाकले असताना चंदूने पाय झटकन वर घेतला आणि खूर त्यांच्या नडगीवर बसला. हाड वाचले, पण हा प्रकार थांबेपर्यंत आपण नाल ठोकणार नाही, असे त्यांनी सांगितले आहे आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

शिकवलेली करामत पुसून टाकता येते का? आणि घोड्याला वळण लावायचे असेल तर असले खेळ शिकवूच नयेत का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना मोतद्दार

रानवाट, तुम्ही जेवढे शिकवलेत तेवढे चंदू चोख शिकला आहे. धड्याचे शेवटचे पान मात्र राहून गेले.

खूण मिळाली की ती गोष्ट करणे हा करामतीचा अर्धा भाग असतो, आणि खूण मिळाली नसताना ती न करणे हा उरलेला अर्धा. पहिला अर्धा चार दिवसांत होतो आणि पाहुणे टाळ्या वाजवतात, म्हणून बहुतेक लोक तेथेच थांबतात. दुसरा अर्धा शिकवताना टाळ्या वाजवायला कोणी येत नाही, कारण त्यात घोडा काहीच करताना दिसत नाही. तुमच्या चंदूला ‘हात मिळवणे’ ठाऊक नाही. ‘माणूस समोर आला, पाय वर केला, गाजर आले’ एवढाच हिशेब त्याला ठाऊक आहे आणि तो हिशेब त्याने मांडला तेव्हा बरोबरच होता.

दुर्लक्षाविषयी थोडे अधिक लिहितो. एखाद्या वागण्याला मिळणारा खाऊ बंद झाला की ते वागणे ओसरण्यापूर्वी वाढते. नेहमी उघडणारी कडी एखाद्या दिवशी उघडली नाही, तर आपणही ती सोडून देण्याआधी दोनदा जोराने हिसकतोच. त्या वाढीच्या दिवसांत कोणी एकदा जरी खाऊ दिला, तरी ‘पाय अधिक उंच केला की मिळते’ असा नवा धडा आपण घालून देतो. म्हणून माझा पहिला प्रश्न : तुमच्याखेरीज त्याला हातातून खायला कोण घालते?

लगामकर

मी वेगळे मत मांडतो. या साऱ्याचे मूळ हातातल्या खाऊत आहे. घोड्याला हाताने खाऊ घालू नये, या मताचा मी आहे आणि माझे घोडे त्याविना उत्तम वागतात. घोडा दाबाने आणि दाब सुटण्याने शिकतो. त्यातही शिकवतो तो दाब नव्हे, तर त्याचे सुटणे.

मागे सरायला शिकवण्याचेच उदाहरण घ्या. मी घोड्याच्या डाव्या खांद्याजवळ उभा राहतो, मोहरकीच्या (तोंडावर चढवायच्या दोरीच्या साजाच्या) गाठीजवळ बागडोर, म्हणजे घोडा धरून नेण्याची दोरी, दोन बोटांत धरतो आणि छातीच्या दिशेने इतकाच ताण देतो की मधला झोल निघावा. मग थांबतो. ओढत नाही, झटके देत नाही. घोडा आधी मान वर करून पाहील, कदाचित पुढे रेटेल. ताण तेवढाच राहतो. कधीतरी तो वजन मागच्या पायांवर घेतो. पाऊल अजून उचललेले नसते, छाती फक्त वीतभर मागे झुकलेली असते. त्याच क्षणी बोटे उघडायची. पुढच्या वेळी पाऊल येते, त्यापुढच्या वेळी दोन. बोटे उघडायला उशीर केला तर घोड्याचा गोंधळ होतो, आणि तो पुढे रेटत असताना कंटाळून सोडून दिले तर रेटल्याने सुटका होते हे तो शिकतो. माणसाला खेचत नेणारे घोडे असेच तयार होतात आणि त्यांच्या मालकांना वाटते की घोडा हट्टी आहे.

चंदूला आधी मागे सरायला शिकवा. समोरच्या माणसापासून एक हात अंतर राखणे ज्याला येते, त्याचा खूर कोणाच्या नडगीपर्यंत पोहोचणारच नाही.

भरधाव

एवढी चर्चा कशासाठी? पाय उचलला की त्याच पायावर चाबकाचा एक फटका द्यावा. दोन दिवसांत प्रश्न मिटेल. आमच्याकडे असेच करतात.

जुना मोतद्दार

भरधाव, ज्या पायावर फटका द्यायचा तोच पाय उद्या खूर साफ करण्यासाठी त्याने विश्वासाने आपल्या हातात द्यायचा आहे. पाय उचलला म्हणून मार खाल्लेला घोडा नालबंदासमोर पाय जमिनीत रोवून उभा राहिला, तर त्यालाही हट्टीच म्हणणार का? शिवाय घोड्याला जवळजवळ सर्व दिशांचे दिसत असले तरी कपाळाच्या अगदी समोरचा आणि थेट शेपटीमागचा पट्टा त्याला दिसत नाही. समोरून अचानक आलेला फटका त्याला दिसण्याआधी लागतो. असे घोडे पाय खाली ठेवायला शिकोत न शिकोत, हात वर झाला की डोके झटकायला नक्की शिकतात, आणि मग त्यांच्या कानांवरून मोहरकी चढवणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

लगामकर, तुमच्या दोन बोटांविषयी माझा काडीचाही वाद नाही. वाद आहे तो खाऊच्या बदनामीविषयी. तुम्ही योग्य क्षणी बोटे उघडता, तसा योग्य क्षणी खाऊ देता येतो. रानवाट यांच्याकडून क्षण चुकला, खाऊ नव्हे.

खूरवैद्य

शिकवणीकडे वळण्यापूर्वी शरीराकडे पाहावे, असे मी पशुवैद्यक म्हणून सुचवतो. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते, पोटात चारा असो वा नसो. मोकळ्यावर सोडलेला घोडा दिवसाचा बहुतांश वेळ थोडेथोडे चरत राहतो आणि त्याची रचना त्यासाठीच आहे. त्याला दिवसातून दोनदा दाणा देऊन मधले तास रिकाम्या गव्हाणीसमोर बांधून ठेवले, तर जठराला व्रण पडण्याचा धोका वाढतो आणि बादली दिसताच दारावर खूर आपटणे हे त्या घोड्याचे अगदी साहजिक वागणे असते. तंग आवळताना कान मागे टाकणे, पोटाकडे वळून पाहणे, चावायला धावणे, यांना आपण वाईट सवयी म्हणतो. पुष्कळदा त्या वेदना असतात. घोडा अचानक जमीन उकरू लागला, पोटाकडे पाहू लागला, पुन्हा पुन्हा आडवा होऊ लागला, तर ते पोटशूळाचे लक्षण असू शकते. तेथे वळण लावत बसू नये, तातडीने पशुवैद्यांना बोलवावे.

खाऊविषयी एवढेच सांगतो की तुकडा बोटाच्या पेराएवढा असला तरी घोड्याला पुरतो. ज्या घोड्याला खुरांचा दाह होऊन गेला आहे किंवा जो फार लठ्ठ आहे, त्याला गोड खाऊ देऊ नये. त्याच्या नेहमीच्या वैरणीतलीच चिमूटभर बक्षीस म्हणून वापरावी. तसेच खाजवणेही बक्षीस ठरते. आयाळ जेथे संपते त्या खांद्यांमधल्या उंचवट्यावर घोडे एकमेकांना खाजवतात, आणि त्या जागी खाजवल्यास घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, असे १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवले गेले आहे. मानेवर फाडफाड थोपटणे ही शाबासकी आहे, हे मात्र घोड्याला कोणी सांगितलेले नसते.

रानवाट

सर्वांचे आभार. मोतद्दारकाका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर देताना मला लाज वाटते आहे. घरात विचारणा केली तेव्हा कळले की माझा पुतण्या रोज सकाळी शाळेत जाण्यापूर्वी चंदूशी ‘हात मिळवतो’ आणि आपल्या डब्यातले काकडीचे काप त्याला देतो. मी पंधरा दिवस निग्रहाने दुर्लक्ष करत होते, त्या काळातही हे सुरूच होते.

चाऱ्याचे वेळापत्रक आता बदलले आहे. गव्हाण रिकामी राहत नाही. पशुवैद्यांनी तपासले असून शरीरात दोष आढळला नाही. ‘काहीही न करणे’ कसे शिकवायचे, हे कृपया पायरीपायरीने सांगावे.

जुना मोतद्दार

पुतण्याला रागावू नका. त्यालाच या कामात घ्या; मुलांचा हात मोठ्यांपेक्षा वेळेला अधिक अचूक असतो, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात अडसराच्या पलीकडून करावी. चंदू तबेल्यात आणि तुम्ही अर्ध्या दाराबाहेर, म्हणजे त्याने पाय उचलला तरी तुम्हाला मागे उडी मारावी लागणार नाही. तुमची उडी हीदेखील त्याच्या दृष्टीने गंमतच असते. खाऊची पिशवी कमरेला, शक्यतो पाठीमागच्या बाजूला असावी. एक छोटा ठरावीक शब्द निवडा, उदाहरणार्थ ‘हां’. ‘आत्ता केलेस ते बरोबर, खाऊ येतो आहे’ एवढाच त्याचा अर्थ. जिभेने काढलेला टक् असा आवाज टाळा, कारण तोच आवाज करून आपण घोडा पुढे हाकतो आणि एका आवाजाचे दोन अर्थ झाले की घोडा दोन्ही विसरतो.

आता दारापाशी नुसते उभे राहा. चंदू पिशवी हुंगायला नाक पुढे करील, ओठांनी बाही चाचपेल, पाय उचलेल, दार वाजवेल. तुम्ही हात मागे बांधून ताठ आणि गप्प. कधीतरी, कंटाळून का होईना, तो तोंड दुसरीकडे वळवील. नाक तुमच्यापासून दूर जात असताना आणि चारही खूर जमिनीवर असताना ‘हां’ म्हणायचे. मग हात पिशवीत घालायचा. हा क्रम उलटा करू नका. हात आधी हलला तर घोडा शब्द ऐकतच नाही, तो हात पाहत बसतो. खाऊ सपाट तळहातावर ठेवून हात त्याच्या छातीसमोर मध्यभागी लांब न्या, जेणेकरून खाण्यासाठी त्याला मान सरळ करावी लागेल. खाऊ तुमच्या अंगाजवळ मिळत गेला, तर तो तुमच्या अंगाजवळच शोधायला शिकेल; चावरे घोडे पुष्कळदा असे घडतात. या बाबतीत लगामकरांचे भय अनाठायी नाही.

पहिल्या दिवशी पाच मिनिटांच्या वर जाऊ नये. नुसती मान वळवणे जमले की मान वळवून दोन श्वास थांबणे, मग चार श्वास, मग तुम्ही एक पाऊल सरकला तरी थांबणे, अशी मागणी वाढवत न्यावी. तीन वेळा ओळीने चुकला तर मागणी जास्त झाली असे समजून एक पायरी खाली यावे. शेवटी दोन्ही रिकामे तळवे दाखवून ‘संपले’ असे सांगावे आणि खरोखरच संपवावे, एक तुकडाही ‘जाता जाता’ देऊ नये. शेवट कधी झाला हे न कळलेला घोडा दिवसभर दुकान उघडे ठेवून बसतो.

हे पक्के झाले की मग पाय उचलण्याची करामत नव्याने, नव्या खुणेवर शिकवता येईल. जुनी पुसली जात नाही. तिला दार लावून किल्ली आपल्याकडे ठेवायची असते.

दुडकी

या धाग्यात मला एक जुनी गोष्ट आठवली आणि ती चंदूला फार जवळून लागू पडते असे वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये हान्स नावाचा एक घोडा बेरजा-वजाबाक्या करत असे. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे निवृत्त शिक्षक होते. प्रश्न विचारला की हान्स पुढच्या खुराने उत्तराइतके ठोके देई. १९०४ साली एका समितीने तपास केला, तेव्हा तिला कोणतीही लबाडी सापडली नाही आणि लबाडी खरोखरच नव्हती. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने पद्धतशीर प्रयोग करून १९०७ मध्ये उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा विचारणारा हान्सला दिसत नसेल, तर हान्सची उत्तरे चुकत. प्रश्न संपला की विचारणारा नकळत किंचित पुढे झुकून घोड्याच्या पायाकडे पाही, आणि ते झुकणे हीच हान्ससाठी ठोके सुरू करण्याची खूण होती. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके अगदी थोडेसे वर उचलले जाई आणि हान्स थांबे. गंमत म्हणजे हे समजल्यानंतरही फुंग्स्टला स्वतःच्या त्या हालचाली पूर्णपणे आवरता येत नव्हत्या.

आता रानवाट यांचे पहिले लेखन पुन्हा वाचावे. त्या चंदूला शिकवताना समोर उभ्या राहून वाकत होत्या. नालबंद पुढच्या पायापाशी वाकले होते. मला वाटते, चंदूने त्यांना मारले नाही. त्यांनी नकळत केलेल्या खुणेला त्याने मान दिला.

रानवाट

दुडकी, तुमचा प्रतिसाद वाचून मी तशीच तबेल्यात गेले. अर्ध्या दाराबाहेर ताठ उभी राहिले, असे दहा वेळा केले, तर चंदूने तीन वेळा पाय उचलला. मग दहा वेळा कमरेत किंचित वाकले, हात न हलवता. दहाही वेळा पाय वर आला. नंतर त्याच्या बाजूला, खांद्याशी उभी राहून वाकले, तेव्हा त्याने ढुंकूनही पाहिले नाही.

दीड वर्ष मी या घोड्याला आगाऊ म्हणत होते.

लगामकर

दुडकी यांचे निरीक्षण मार्मिक आहे आणि मला माझ्या पद्धतीतही ते दिसते. मागे सरकवताना मी बोटांनी ताण देण्यापूर्वी छाती थोडी पुढे आणतो. माझे जुने घोडे ताण येण्याआधीच सरकतात. मी त्याला त्यांची समज म्हणत असे, आणि ती समज आहेच, पण ते बोटांना नव्हे तर माझ्या छातीला उत्तर देत आहेत.

खाऊविषयी माझे मत मी निम्मे मागे घेतो. उरलेले निम्मे असे की करामतीला हात लावण्यापूर्वी घोड्याला काही गोष्टी आल्याच पाहिजेत : माणसाच्या खांद्याशी राहून, पुढे न घुसता आणि मागे न रेंगाळता चालणे, माणूस थांबला की थांबणे, मागे सरणे, बोट टेकवताच पुठ्ठा (शरीराचा मागचा भाग) बाजूला नेणे, बांधल्यावर शांत उभे राहणे, चारही पाय उचलू देणे. यांतली पुठ्ठा सरकवण्याची गोष्ट लोक फार हलक्यात घेतात. मागचे पाय आडवे टाकत वळणाऱ्या घोड्याला सरळ पुढे उसळता येत नाही. अडचणीच्या वेळी साडेचारशे-पाचशे किलोच्या जनावराला माणूस ताकदीने अडवू शकत नाही. तो त्याला वळवू मात्र शकतो.

मान खाली करणेही माझ्या यादीत आहे. कानांमागे तळहात टेकवायचा, मान केसभर खाली गेली की हात उचलायचा. चार-पाच दिवसांत घोडा गुडघ्यापर्यंत मान आणतो. लगाम चढवणे, डोळ्यांत औषध घालणे, जंताचे औषध पाजणे, सगळे सोपे होते. भरधाव यांना सांगावेसे वाटते की ग्रीक सेनानी झेनोफॉन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीविषयी लिहिताना बजावून ठेवले आहे, घोड्याशी रागाच्या भरात कधीही वागू नये. तो सैनिक होता, हळव्या मनाचा म्हणून प्रसिद्ध नव्हता.

नवशिकी

थोडा जवळचाच प्रश्न विचारते. माझी घोडी बावीस वर्षांची आहे, आता तिच्यावर कोणी बसत नाही आणि ती दिवसभर उदास उभी असते. या वयात करामती शिकवाव्यात का? शिकवायच्या तर कोणत्या? चित्रफितींमध्ये घोडे गुडघ्यावर बसतात, आडवे पडतात, मागच्या पायांवर उभे राहतात, ते पाहून मोह होतो.

खूरवैद्य

शिकण्याला वयाची आडकाठी नाही, सांध्यांना आहे. बावीसाव्या वर्षी गुडघ्यावर बसवणे, वाकून मुजरा करायला लावणे हे प्रकार तपासणीशिवाय करू नयेत, आणि कठीण जमिनीवर तर मुळीच नाही. उलट टोकाला, तरुण घोड्यांचीही घाई नको. घोड्याचा सांगाडा पुरता पक्का व्हायला पाच-सहा वर्षे लागतात.

घोडा उभ्याने डुलकी घेतो हे सर्वांना ठाऊक असते, पण गाढ झोपेचा एक टप्पा त्याला आडवे झाल्याशिवाय मिळत नाही. तो आडवा होतो ती जागा सुरक्षित वाटली तरच. पुढचा पाय दोरीने वर बांधून घोड्याला जबरीने आडवे पाडण्याची जुनी रीत काही ठिकाणी अजून दिसते. तसा पाडलेला घोडा निपचित पडून राहतो, पाहणाऱ्यांना ती शांतता वाटते. पळून जाणे हाच ज्याचा बचाव, त्या प्राण्याने सुटण्याची आशा सोडली आहे, एवढाच तिचा अर्थ.

जुना मोतद्दार

नवशिकी, मागच्या पायांवर उभे राहणे विसरून जा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझ्झानर जातीचे घोडे पुढचे पाय पोटाशी घेऊन मागच्या पायांवर तोल सांभाळतात, त्यामागे कित्येक वर्षांची मेहनत असते आणि ही करामत बहुतेक घोड्यांकडून मागितलीही जात नाही. आपण हौशी माणसांनी एक कसोटी लावावी : ही करामत घोड्याने मी पाठमोरा असताना, न सांगता केली, तर कोणाला लागेल का? मागच्या पायांवर उभे राहणे, पुढचे पाय ताणून फेकत चालणे, खिशातला रुमाल दातांनी ओढणे, मान खांद्यावर टाकून मिठी मारणे, या सर्व या कसोटीवर नापास होतात. रुमालाचे तर विशेष; आज रुमाल, उद्या त्याखालची कातडी.

तुमच्या घोडीसाठी नाकाने खूण शिवण्यापासून सुरुवात करा. काठीच्या टोकाला चेंडू बांधा. घोडे स्वभावतःच नवी वस्तू हुंगतात. नाक लागले की ‘हां’ आणि खाऊ. चेंडू निळा किंवा पिवळा घ्या, कारण लाल आणि हिरवा हे रंग घोड्याला वेगळे ओळखता येत नाहीत आणि गवतावरचा लाल चेंडू आपल्याला दिसतो तसा त्याला उठून दिसत नाही. एकदा चेंडूमागे नाक जाऊ लागले की त्याच चेंडूने तिला गोल वळवता येते, चटईवर उभे करता येते, बुटक्या भक्कम चौथऱ्यावर पुढचे दोन पाय ठेवायला लावता येते. वजनकाट्यावर चढवायचे असेल तरी हेच कामी येते, तेव्हा ही करामत की वळण हे तुम्हीच ठरवा.

दुडकी

नवशिकी यांच्यासाठी आणखी एक. नॉर्वेतील संशोधकांनी २३ घोड्यांना तीन फलकांचा अर्थ शिकवला : झूल घाला, झूल काढा, आहे तसेच राहू द्या. शिकवण्याची रीत मोतद्दारांनी सांगितली तशीच, नाकाने शिवणे आणि खाऊ. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्व घोडे शिकले, आणि पुढे हवामान पाहून आपापली पसंती सांगू लागले. थंड पावसाळी दिवशी झूल मागत, उबदार दिवशी ती काढायला सांगत. मला यातले विशेष वाटते ते असे की येथे खूण घोडा करतो आणि ती पाळण्याची पाळी माणसाची असते.

रानवाट

सात आठवड्यांनंतर लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

पहिले दहा दिवस कठीण गेले. दार इतके वाजले की शेजाऱ्यांनी विचारपूस केली. अकराव्या दिवशी चंदूने एकाएकी मान भिंतीकडे वळवली आणि पाच श्वास तशीच ठेवली. ‘हां’ म्हणताना माझाच आवाज फुटला. पुतण्याने वहीत रोजची नोंद ठेवली आहे आणि वेळेच्या बाबतीत तो माझ्यापेक्षा सरस आहे, हे काकांचे भाकीत खरे ठरले. तिसऱ्या आठवड्यात आम्ही अर्धे दार उघडले, चौथ्यात मी समोर उभी राहून वाकू लागले : आधी नुसती मान, मग खांदे, मग कंबर, आणि प्रत्येक पायरीवर चारही खूर जमिनीवर राहिले तरच खाऊ. पाय उचलण्याची नवी खूण आता डाव्या खांद्याशी उभे राहून आयाळीच्या मुळाशी दोन बोटे टेकवणे ही आहे. समोरून काही केले तरी पाय उचलण्याचा मोबदला मिळत नाही.

परवा नालबंद आले. मी त्यांना आधी सारे समजावून सांगितले होते, तरी नडगीला जाड कातडे बांधूनच ते आत शिरले. तीन पाय निर्विघ्न झाले. चौथ्या, म्हणजे पुढच्या उजव्या पायाच्या वेळी ते खाली पडलेली कानस उचलायला चंदूच्या अगदी समोर वाकले आणि माझा श्वास अडकला. उजवा खूर बोटभर वर आला. नालबंद होते तसेच थांबले. चंदूने खूर पुन्हा खाली टेकवला, मान भिंतीकडे वळवली आणि ‘हां’ची वाट पाहत उभा राहिला. मी ‘हां’ म्हटले आणि त्याला तीन तुकडे दिले.

एक नवी अडचण तेवढी उभी राहिली आहे. आता हातात कसलीही पिशवी घेऊन कोणीही तबेल्यात आले की हा महाराज भिंतीकडे तोंड करून उभा राहतो आणि काही केल्या वळत नाही. काल नवा लगाम पिशवीत घेऊन गेले, तर दहा मिनिटे मी त्याच्या डाव्या कानाशीच बोलत होते.

जुना मोतद्दार

शाब्बास. आता ‘इकडे बघ’ यासाठी एक खूण ठरवा, पुतण्याला विचारून.